सुकट, सोडे आणि वजडी : महागाईच्या काळातील आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास

महागाई ही प्रत्येक पिढीस आपल्याच वाट्याला आलेली नवी आपत्ती वाटते. वाण्याचे बिल हाती आले आणि मटणाच्या दुकानावरील दराची पाटी दृष्टीस पडली, की "पूर्वी असे नव्हते" हे उद्गार घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून निघतात. आणि ते वडीलधारे लहान होते तेव्हा त्यांचे वडीलही हेच म्हणत असत. आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीच्या इतिहासावर स्मरणिकांतून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. बाजीप्रभू, मुरारबाजी, खंडो बल्लाळ यांच्या पराक्रमाची व निष्ठेची आठवण दर वर्षी होते, व ती व्हावीच. परंतु तलवार आणि लेखणी यांच्या जोडीला आपल्या घरांत आणखी एक आयुध होते, ते म्हणजे पळी. महागाईशी झालेल्या लढाया या पळीने लढल्या. त्यांत कोणत्या युक्त्या कामी आल्या आणि मिळालेल्या विजयाची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही यथामती करणार आहोत.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे, की महागाईचा घाव सर्वांवर सारखा बसत नाही. व्यापाऱ्याच्या मालाचा भाव वाढतो, शेतकऱ्याच्या घरात निदान धान्याची कणगी असते. परंतु ज्याचा पगार ठरलेला, त्याच्या हातातील रुपया मात्र दिवसेंदिवस आखूड होत जातो. पूर्वीचा कुलाबा म्हणजे १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, आणि ठाणे जिल्हा, येथून आपली कुटुंबे मुंबई, ठाणे, पुणे, बडोदे अशा ठिकाणी गेली ती बहुतांशी लेखणीच्या बळावर. कारकून, शिक्षक, कोर्टातील व रेल्वेतील नोकर, असा हा पगारदार वर्ग. गावी होता तेव्हा त्याच्या परसात वाल होते, दारात कोळीण येत होती आणि घरचे भात होते. शहरात आल्यावर मिठापासून मासळीपर्यंत सर्वच विकत घेणे आले. म्हणून आपल्या ज्ञातीच्या घरखर्चाचा इतिहास हा खरे पाहता गाव सोडल्यानंतरचा इतिहास आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि कापड, धान्य, घासलेट यांचे भाव चढत गेले. १९१८ साली पावसाने दगा दिला व त्याच वर्षी इन्फ्ल्युएंझाच्या साथीने घरेच्या घरे ओस पाडली. महागाईने गांजलेल्या मुंबईच्या गिरणी कामगारांनी जानेवारी १९१९ मध्ये मोठा संप केला. सामान्य कुटुंब खाते किती आणि त्यावर खर्च किती होतो, हे मोजण्याची गरज सरकारला भासू लागली ती या घडामोडींनंतर. १९२१ साली मुंबई सरकारने 'लेबर ऑफिस' स्थापन केले आणि फिंडले शिरास यांनी कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी करून १९२३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. मिळकतीतील निम्म्याहून अधिक रक्कम केवळ पोटासाठी जाते, असे त्या पाहणीत दिसून आले. जे घर निम्मी मिळकत खाण्यावर घालवते, त्याला महागाईत काटछाट करण्यास स्वयंपाकघराशिवाय जागाच उरत नाही. खोलीचे भाडे कमी होत नाही, मुलांची फी चुकत नाही. कमी होतो तो ताटातील तुकडा.

तो तुकडा कमी झाला तरी ताट रिकामे दिसू नये, ही आपल्या आज्या-पणज्यांची विद्या होती. तिचा पहिला भाग म्हणजे ऋतूची ओळख. जूनमध्ये समुद्र खवळला की मासेमारी थांबते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ओली मासळी दुर्मीळ व महाग होते. म्हणून उन्हाळा संपण्यापूर्वी आगोटीची बेगमी होत असे. तांदूळ, वाल, पांढरे कांदे, चिंच, कोकम, तिखट-मसाला यांच्या बरोबरीने सुके बोंबील, जवळा, सुकट, वाकट्या आणि सोडे हे डब्यांत बंद होत. वसई, अर्नाळा, सातपाटी, वर्सोवा येथील किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर ओळीने लटकणारे बोंबील अनेकांनी पाहिले असतील. ओल्या बोंबलात सुमारे नऊ दशांश भाग पाणीच असते. ऊन आणि वारा ते पाणी फुकट काढून घेतात व मागे राहते ते सत्त्व. याचा अर्थ असा, की एक किलो सुका बोंबील घेतला तर कित्येक किलो ओल्या मासळीचे सार घरी येते. त्यासाठी बर्फ लागत नाही, वीज लागत नाही, आणि आषाढाच्या झडीत बाजारही गाठावा लागत नाही. भर पावसात दोन वांगी, एक बटाटा आणि मूठभर सुकट एवढ्यावर आठ माणसांचे जेवण निभावत असे. यात लाचारी नव्हती. जेव्हा वस्तू मुबलक तेव्हा ती घेऊन ठेवायची व जेव्हा दुर्मीळ तेव्हा वापरायची, हा तर व्यापाराचाच नियम. तो आपल्या बायकांनी फडताळात राबविला.

विद्येचा दुसरा भाग म्हणजे सबंध जनावराची ओळख. आजचा ग्राहक दुकानात जाऊन "किलोभर मटण द्या" म्हणतो व मिळेल ते घेऊन येतो. जुन्या पिढीला मांडी, पुट्ठा, चाप, सीना, गर्दन यांतील प्रत्येकाचा गुण ठाऊक होता. ज्या दिवशी मटणाचा दर झेपत नसे, त्या दिवशी कलेजी, गुर्दे, भेजा, मुंडी, पाया व वजडी यांपैकी काहीतरी येत असे. बोकडाच्या जिवंत वजनापैकी साधारण निम्मेच मटण म्हणून विकले जाते. उरलेल्या निम्म्यात कातडे व टाकाऊ भाग असला तरी बराचसा भाग खाण्याजोगा असतो, आणि त्याला गिऱ्हाईक कमी म्हणून तो स्वस्त असतो. कलेजीत लोह व अ जीवनसत्त्व मटणापेक्षा कितीतरी अधिक असते, हे पुढे आहारशास्त्राने सांगितले. आपल्या घरांत अशक्त मुलाला व आजारातून उठलेल्या माणसाला कलेजी आधीपासूनच दिली जात होती. पाया आणि हाडे मंद विस्तवावर तासन् तास ठेवून त्यांचा अर्क उतरविला जाई. मटण शिजल्यावर तिखट-मसाला घालण्यापूर्वी काढलेले अळणी पाणी लहान मुलांना वाटीने मिळे. एका रत्तल मटणातून अशा रीतीने मुलांची वाटी, मोठ्यांचा रस्सा आणि रात्रीच्या भातावरचा ओलावा इतके सर्व निघत असे.

तिसरा भाग म्हणजे मिसळ. सोड्यांची खिचडी, वांगी-सोडे, पावसाळ्याच्या तोंडी मिळणारी शेवळे आणि सोडे, खिम्यात बटाटा किंवा मटार, सुकटीत कैरी, हे पदार्थ आज आपण ज्ञातीचे खास वैभव म्हणून पाहुण्यांपुढे मांडतो. त्यांच्या रचनेकडे थोडे डोळसपणे पाहावे. प्रत्येकात महाग वस्तू मूठभर आहे व स्वस्त वस्तू पातेलेभर. मूठभर सोड्यांची चव शेरभर तांदळाला पुरते; मांस येथे मुख्य अन्न म्हणून येतच नाही, ते येते रुची आणि बळ देण्यासाठी. मांसाहाराला पर्याय म्हणून वालाचे बिरडे होतेच. वालात सुमारे पाव हिस्सा प्रथिने असतात, म्हणजे वजनाला वजन धरले तर ते मटणाला हार जात नाहीत. याला जोड मिळाली वारांची. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि सबंध श्रावण हे दिवस वजा केले तर वर्षातील निम्मे दिवसही सामिष उरत नाहीत. धर्मासाठी पाळलेले हे वार खिशालाही हातभार लावीत. श्रावणात गिऱ्हाईक ओसरले की मटणाचा भाव नरमतो आणि आषाढी अमावास्येच्या आदल्या दिवसांत तोच कडाडतो, हा अनुभव आजही प्रत्येक गृहिणीस आहे.

येथे एका म्हणीचा उल्लेख करणे अगत्याचे वाटते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे आपण सहज म्हणून जातो. पण तीत घरखर्चाचे मर्म आहे. सामिष जेवणाचा खर्च केवळ मांसाचा नसतो. खोबरे, तेल, कांदा, खडा मसाला आणि जळण यांची बेरीज पुष्कळदा मांसाला मागे टाकते. सुक्या बोंबलाला लसूण, तिखट आणि कोकम पुरते. पाया मात्र स्वस्त असूनही जळण खातो. १९५९ नंतर आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले व ते हळूहळू मध्यमवर्गीय घरांत आले, तेव्हा कठीण व स्वस्त भाग शिजविण्याचा हा खर्च एकदम खाली आला. महागाईच्या लढाईत या शिट्टीवाल्या भांड्याचे ऋण आपण पुरेसे मान्य केलेले नाही.

या तिन्ही युक्त्यांची खरी परीक्षा झाली ती दुसऱ्या महायुद्धात. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ यावयाचा थांबला. भातावर वाढलेल्या कोकणी माणसाला हा घाव वर्मी लागला. २ मे १९४३ रोजी मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. ब्रिटिश सरकार युद्धाचा खर्च हिंदुस्थानात रुपयांत करी व त्याच्या बदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंगची नोंद ठेवी; त्यामुळे येथे चलनी नोटांचा अनेक पटींनी फुगवटा झाला आणि वस्तू मात्र वाढल्या नाहीत. भाववाढीचे हे एक मोठे कारण होते. ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर म्हणून ज्यांनी सूत्रे हाती घेतली ते चिंतामणराव देशमुख आपल्याच ज्ञातीचे, महाडजवळील नाते गावी जन्मलेले. एकीकडे आपल्यातील एक थोर पुरुष देशाच्या चलनाचा तोल सांभाळत होता व दुसरीकडे आपल्यातील सहस्रावधी अनाम गृहिणी रेशनच्या पिशवीचा तोल सांभाळत होत्या. पहिल्याचे चरित्र उपलब्ध आहे, दुसरीचे नाही.

रेशनवर तांदूळ पुरेसा मिळत नसे, म्हणून भाताऐवजी गहू, ज्वारी, बाजरी यांची सवय करावी लागली. भाकरीला ओले कालवण थोडे लागते. सुकटीची चटणी किंवा भाजलेला बोंबील तिच्याबरोबर सहज खपतो. आपल्या ज्या घरांत सुकी मासळी केवळ पावसाळ्याची सोय म्हणून होती, त्या घरांत ती या दिवसांत बारमाही सोबतीण झाली. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठविण्यात आली, भाव भडकले, १९४८ मध्ये ती पुन्हा आली, आणि १९५४ साली रफी अहमद किडवई अन्नमंत्री असताना अखेर उठली. म्हणजे जवळजवळ एक तप एका पिढीचे बालपण रेशनच्या रांगेत गेले. याच काळात एकत्र खरेदीचा मार्गही सापडला. १९४८ साली नायगावात कामगारांनी सुरू केलेल्या सहकारी ग्राहक भांडारातून पुढे 'अपना बाजार' उभा राहिला. एकट्याने वाण्याशी घासाघीस करण्यापेक्षा शंभर घरांनी मिळून घाऊक माल घ्यावा, हा विचार तेथे रुजला.

स्वातंत्र्यानंतरही महागाईने पाठ सोडली नाही. १९६५ साली दुष्काळ आणि युद्ध एकदम आले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले व ते घरोघर पाळले गेले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल ज्वारी आम्ही शाळकरी वयात खाल्ली आहे. तिच्या भाकरीचा रंग व चव त्या पिढीतील कोणीही विसरलेले नाही. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि हातात लाटणे घेऊन हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. आजवर स्वयंपाकघरात मुकाट्याने लढली जाणारी लढाई त्या दिवशी चव्हाट्यावर आली. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र मागवून वाटून घेण्याची पद्धत घालून दिली. आपल्या कित्येक भगिनींनी त्या वाटपात भाग घेतला आहे.

याच सुमारास ताटातील मांसाचाही उलटापालट झाला. जुन्या काळी कोंबडी ही चैनीची वस्तू होती. ती जावई आला किंवा कोणी आजारातून उठला म्हणजे कापली जाई. रोजच्या सामिषात मासळी, रविवारी मटण, असा क्रम होता. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, व पुढे १९८२ साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन होण्यातही त्यांचा पुढाकार होता. ब्रॉयलर जातीचे पिल्लू सुमारे सहा आठवड्यांत विक्रीस तयार होते आणि खाल्लेल्या खाद्याचे मांसात रूपांतर करण्यात बोकड त्याच्या जवळपासही येत नाही. म्हणून कोंबडी स्वस्त होत गेली व मटण महागत गेले. आज मटणाचा दर ब्रॉयलरच्या दुपटी-तिपटीने असतो. उलट कोलंबीचे झाले. १९६० नंतर गोठविलेल्या कोलंबीची परदेशी निर्यात वाढली, किनाऱ्यावरील उत्तम माल जहाजांत चढू लागला, आणि जे सोडे एके काळी काटकसरीचे साधन होते त्यांचा किलोचा भाव आज मटणालाही मागे टाकतो. गरजेपोटी जन्मलेला पदार्थ श्रीमंतीचे लक्षण होऊन बसला, याहून इतिहासाची मौज ती कोणती?

ब्रॉयलर कोंबडी आणि अंडे यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्या घरांत महिन्यातून एकदा मांस दिसत असे, तेथे ते आठवड्यातून एकदा दिसू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु स्वस्ताईबरोबर विद्या गेली, हेही खरे. कोंबडी आणावी आणि शिजवावी, यात ऋतूची ओळख लागत नाही, जनावराची ओळख लागत नाही. उद्या कोंबडीचे खाद्य महागले तर पुढचा पर्याय कोणता, हे नव्या गृहस्थास सुचत नाही. कारण वजडी कशी साफ करावी आणि सुका बोंबील कसा पारखावा, हे त्यास कोणी शिकविलेलेच नाही.

मात्र स्वस्त मांसाचा इतिहास केवळ हिशेबाचा नाही, तो मानाचाही आहे. आपण वजडी आणली ती पगार पुरावा म्हणून. ज्यांना गावगाड्याने मेलेल्या जनावरांचे मांसच वाट्याला दिले होते, त्यांना निवडच नव्हती. त्यांच्या ताटाचा इतिहास शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या ग्रंथात २०१५ साली मांडला आहे. तो प्रत्येक मांसाहारी मराठी माणसाने वाचावा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत जनावरांचे मांस सोडण्यास सांगितले. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांनी फुकटचे अन्न मानापायी सोडावे, हा त्याग किती मोठा! त्या महाडच्या संग्रामात नगरपालिकेचे तत्कालीन अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे हे आपल्या ज्ञातीचे पुरुष बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले, याचा आपणास अभिमान आहे. पण त्याबरोबर हेही ध्यानात असू द्यावे, की काटकसर ही ज्याला निवड करता येते त्याचाच सद्गुण असतो. ज्याला निवड नाही, त्याच्या बाबतीत तिला उपासमार हेच नाव योग्य आहे.

आणि हाच निकष आता आपल्या घराला लावून पाहू. वर सांगितलेल्या तीन युक्त्यांनी घरखर्च भागला, असे आपण म्हणतो. पण त्यांच्यामागे एक चौथा हात होता. वाल भिजवावे, मोड आणावे, आणि मग एकेक दाणा सोलावा. वजडी गरम पाण्यात घालून खरवडावी आणि पुनःपुन्हा धुवावी. सुकट निवडावी, डबे उन्हात ठेवावे, पाया विस्तवावर भाजून साफ करावा. जी वस्तू पैशाने स्वस्त, ती वेळेने महाग असते. आणि तो वेळ नेहमी स्त्रीचा असे. त्या वेळाचे मोल कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत लिहिलेले नाही, म्हणूनच ते बिरडे स्वस्त दिसते.

याहून कठीण गोष्ट पुढे आहे. प्रथम पुरुषांची व मुलांची पंगत बसे आणि वाढणारी मनातल्या मनात तुकडे मोजी. कर्त्याला किती, शाळेत जाणाऱ्या मुलाला किती, पाहुण्याला किती, हे गणित ती अचूक करी. या भागाकारात बाकी उरली तर ती तिची. बहुधा उरत असे पातेल्याच्या बुडाशी लागलेला रस्सा. अनेक घरांत विधवेला तर तोही वर्ज्य होता. तिच्यासाठी वेगळा निरामिष स्वयंपाक, आणि सर्वांसाठी मासळी साफ करण्याचे काम मात्र पुष्कळदा तिच्याकडेच. कलेजी आजाऱ्याला दिली जाई. पण बाळंतपणांनी रक्त आटलेली आई कोणाच्या लेखी आजारी नव्हती. "मला आवडत नाही" हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या आईच्या किंवा आजीच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते खरे मानून आपण दुसरा तुकडा घेतला आहे.

ही केवळ जुनी गोष्ट म्हणून सोडून देता आली असती तर बरे होते. परंतु २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पंगत गेली, टेबल आले. तरी वाढण्याचा क्रम अजून सर्वत्र बदललेला नाही. ज्या काटकसरीचे आपण कौतुक करतो, तिचा एक भाग खरोखरच चातुर्याचा होता व तो जपण्यासारखा आहे. दुसरा भाग एका माणसाच्या पोटातून काढलेला होता, व तो पुन्हा कधीही काढला जाऊ नये. इतिहास सांगताना या दोहोंची सरमिसळ होऊ देणे म्हणजे कर्ज घेऊन त्याला मिळकत म्हणण्यासारखे आहे.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींपुढे व आपल्या संस्थेच्या चालकांपुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली ही, की दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत सुकी मासळी, वाल व मसाल्याचे जिन्नस यांची एकत्र खरेदी संस्थेने घडवून आणावी. किनाऱ्यावरील कोळी भगिनींकडून थेट माल घेतला तर त्यांनाही योग्य दाम मिळेल व आपल्यालाही स्वस्त पडेल. दुसरी ही, की सत्तरी ओलांडलेल्या आपल्या माताभगिनींकडून जुन्या रीती लिहून घ्याव्यात. केवळ पाककृती नको. कोणता जिन्नस केव्हा घेत, किती दिवस पुरवीत, कसा पारखीत, हे त्यांच्या शब्दांत टिपावे व पुढील स्मरणिकेत छापावे. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. तिसरी सूचना पुरुषवर्गास आहे. मटणाचा भाव परवडत नाही म्हणून वजडी आणण्याचा विचार ज्याच्या मनात येईल, त्यानेच ती साफ करावी. आणि बिरड्याची फर्माईश करणाऱ्याने वाल सोलण्यास बसावे. हात लागला म्हणजे हिशेबही कळतो.

शेवटी एवढेच. महागाई पूर्वी होती, आज आहे आणि पुढेही येत राहील. तिला तोंड देण्याची विद्या आपल्या घरांत आहे. ती चालवावी. परंतु ताटे वाढताना तुकडे मोजण्याची वेळ पुन्हा आलीच, तर ती मोजणी जिने स्वयंपाक केला तिच्या ताटापासून सुरू व्हावी, एवढी विनंती करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.